मित्र गेला. त्याच्याकडे माझी अकरा पुस्तकं आहेत, परत मागावीत का?

सुभेदार_बेळगाव

नमस्कार मंडळी. घरात विचारून झालं, उत्तर पटेना, म्हणून इथं विचारतो. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून २००७ साली सुभेदार म्हणून निवृत्त झालो. १९७९ साली बेळगावच्याच सेंटरमध्ये रंगरूट म्हणून दाखल झालो. घर आणि सेंटर यांत सायकलचं अंतर, तरी ट्रेनिंग संपेपर्यंत घराचं तोंड दिसलं नाही. तोपर्यंत मी शाळेच्या बाहेरचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं.

वाचन लागलं ते जम्मूकडं, नौशेराला. वडील दर दिवाळीला दोन दिवाळी अंक पोस्टानं पाठवायचे. वर माझा नंबर, रँक, पलटण आणि केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. अंक हातात पडायचा तेव्हा तुळशीचं लग्न होऊन गेलेलं असायचं. एक अंक अख्खी प्लाटून वाचायची. शेवटच्या गड्याकडं जाईपर्यंत कव्हर गेलेलं, कधी कथेचं शेवटचं पानच गेलेलं. मग ज्यानं आधी वाचलंय तो रात्री बंकरमध्ये शेवट सांगायचा. एकदा दोघांनी एकाच कथेचे दोन वेगळे शेवट सांगितले आणि त्यावरून आठवडाभर वाद चालला. तेव्हापासून एकट्यानं वाचलेलं पुस्तक मला अर्धंच वाचल्यासारखं वाटतं. कुणाशी तरी त्यावर बोलल्याशिवाय ते मिटवत नाही.

आज घरात सातशे चौदा पुस्तकं आहेत. दोन काळ्या ट्रंका आणि एक लोखंडी कपाट. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर कुठं घेतलं ते गाव आणि महिना लिहिलेला आहे. निवृत्तीनंतर आम्ही पाच जण संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसू लागलो आणि पुस्तकं फिरायला लागली. मी एक वही घातली. तारीख, पुस्तक, नेणारा, परत, असे चार रकाने. अट एकच: पुस्तक परत देताना आत एक चिठ्ठी पाहिजे. काय आवडलं, काय पटलं नाही, दोन ओळी चालतील. आणि माझं पुस्तक माझ्याच हातात परत यायचं, मधल्यामध्ये तिसऱ्याला द्यायचं नाही.

त्या पाचांतले एक मास्तर. मूळचे बैलहोंगलकडचे, घरची भाषा कन्नड, नोकरी कन्नड प्राथमिक शाळेत. बदली होऊन आमच्या गल्लीत आले आणि इथलेच झाले. मराठी आधी बाजारात शिकले, मग दुकानांच्या पाट्या वाचत वाचत पुस्तकांवर आले. मला म्हणायचे, ‘साहेब, लिपी आठ दिवसांत येते, जोडाक्षरं वर्षभर छळतात.’

आमची गाठ पक्की झाली ती भैरप्पांच्या ‘पर्व’मुळं. कादंबरी १९७९ सालची, मी भरती झालो त्याच वर्षाची. मास्तर मूळ कन्नड वाचत होते आणि मी उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद. चमत्कार बाजूला ठेवून सांगितलेलं महाभारत. मला त्यात युद्धाचीच ओढ. एवढ्या सैन्याला खायला कोण घालत होतं, जखमींना मागं कोण नेत होतं, हे मी विचारायचो. मास्तरांचं लक्ष कुंतीकडं, द्रौपदीकडं. एकाच प्रसंगावर बोलायचं तर दोघांच्या पानांचे आकडे जुळायचे नाहीत. मग ‘भीम निघालाय तिथून चार पानं पुढं’ असं करत जागा सापडायची. असा एक पावसाळा गेला. मग त्यांनी माझी मराठी प्रत मागून नेली आणि कन्नड शेजारी ठेवून परत पहिल्यापासून वाचली.

त्यांना पेन्सिलनं समासात लिहायची सवय. सुरुवातीला मला ते सहन होईना. मॅप रीडिंगच्या क्लासात आम्हाला शिकवलेलं, खुणा करायच्या त्या टाल्कवर, म्हणजे नकाशावर पसरलेल्या पारदर्शक कागदावर, पुसता येणाऱ्या चायनाग्राफ पेन्सिलनं, नकाशाच्या कागदाला हात लावायचा नाही. त्यामुळं पुस्तकावर रेघ दिसली की माझं डोकं फिरायचं. एकदा तोंडावर बोललोही. ते म्हणाले, ‘साहेब, ही चिठ्ठीच आहे, फक्त आत चिकटलेली.’ त्यानंतर मी बोललो नाही. पुढं पुढं तर पुस्तक परत आलं की मी आधी समास बघायचो. लिहिलेलं सगळं कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, पण वाचताना अक्षर अक्षर लावावं लागतं. माझी नात सातवीत आहे. ती शेजारी बसून वाचायची, मी मराठीत अर्थ लावायचा, अडलं तर संध्याकाळी कट्ट्यावर मास्तरांनाच विचारायचं.

आषाढात मास्तर गेले. दवाखान्यात दोन दिवस होते, तेवढेच.

माझ्या वहीत त्यांच्या नावापुढं अकरा पुस्तकांचा ‘परत’चा रकाना रिकामा आहे. त्यांचा मुलगा बेंगळुरात असतो. दिवाळीनंतर तो येऊन आईला घेऊन जाणार, घर भाड्यानं देणार आणि त्याआधी जुनं सामान काढायला माणूस बोलावणार, असं गल्लीत ऐकलं. रद्दीवाल्याला मराठी काय, कन्नड काय, सगळं किलोवर.

किमतीचा प्रश्न नाही. त्या अकरा पुस्तकांत मास्तरांनी काय लिहिलंय ते मी अजून वाचलेलं नाही, हा प्रश्न आहे. घरच्या म्हणतात, ‘गेलेल्या माणसाकडं हिशेब मागायला जातंय का कोण? शोभतं का ते?’ त्यांचंही बरोबर वाटतं. रोज त्या दारावरून जातो, पाय थबकतो आणि तसाच पुढं जातो. मागावीत का? मागायची तर कशी? आणि मास्तरांची दोन कन्नड पुस्तकं माझ्याकडं आहेत, त्यांचं काय करू?

खानापूरची_लेक

काका, मी पलीकडच्या बाजूनं सांगते. माझे बाबा जाऊन चार वर्षं झाली. कपाट आवरायला घेतलं तेव्हा दुसऱ्यांची नावं घातलेली तेवीस पुस्तकं निघाली. काहींवर नुसती आद्याक्षरं. कुणाला फोन करायचा, कसं शोधायचं, काही कळेना. आम्ही ती वेगळी काढून ठेवली आणि वाट बघत बसलो. बाबांच्या मित्रांपैकी एकही आला नाही. तेव्हा मला राग आलेला, की बाबांना सगळे इतक्या लवकर विसरले. आता तुमचं वाचून वाटतं, तेही असेच दारावरून पुढं जात असतील.

खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या वर्षी त्यातल्या तीन पुस्तकांना बुरशी आली, एकाला कसर लागली. ती चार मीच टाकून दिली. कुणाची होती देव जाणे, मला अजून लागतं ते.

तुम्ही जाच. पण मागायला म्हणून जाऊ नका, द्यायला म्हणून जा. त्यांची दोन पुस्तकं आहेत ना तुमच्याकडं, ती घेऊन जा. फोन नको, मुलाला मध्ये घालायला नको, थेट काकूंकडं जा. यंदा त्यांची पहिली दिवाळी, घरात काही तळलं जाणार नाही. घरच्या काकूंना बरोबर घेऊन फराळाचा डबा द्या. पुढचं तिथं बसल्यावर आपोआप निघेल.

निपाणी_ग्रंथालय

सुभेदार साहेब, मी वाचनालयात तेवीस वर्षं देवघेव बघते. वरच्या ताईंनी मनापासून लिहिलंय, पण ‘आपोआप निघेल’ यावर विसंबू नका. दुःखात असलेल्या घरात काहीही आपोआप निघत नाही. तुमच्या वहीतून अकरा नावं सुवाच्य अक्षरात एका कागदावर उतरवून घ्या. खाली तुमचं नाव आणि फोन लिहा. गप्पा होऊ देत, मग निघताना कागद द्या आणि म्हणा, सवडीनं बघा. कागद हातात असला की त्यांनाही सोपं जातं. माणसाला अवघड वाटतं ते अंदाजानं शोधायला लागतं म्हणून.

आमच्याकडं सभासद वारल्याचं कळलं की आम्ही महिनाभर थांबतो. नंतर ओळखीतल्या कुणाला तरी पाठवतो. पत्र कधीच नाही. छापील नमुन्यातलं ‘मुदत संपली आहे’ असं पत्र त्या घरात पडलं तर काय होईल, विचार करा. आतापर्यंत कुणी पुस्तक दिलं नाही असं झालेलं नाही. उलट बरेच जण स्वतःची चार पुस्तकं वर देतात.

आता पेन्सिलीबद्दल. वाचनालयात असं पुस्तक आलं तर मी खोडरबर घेऊन बसते, ते माझं कामच आहे. तुम्ही मात्र एकही अक्षर खोडू नका. पेन्सिलीचं लिखाण पानं एकमेकांवर घासून फिकट होतं, त्यामुळं अशी पुस्तकं कपाटात दाबून ठोसू नका, मोकळी उभी ठेवा. शक्य झालं तर नातीकडून त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून घ्या.

आणि तुमच्या काळ्या ट्रंका. जमिनीवर असतील तर विटांवर उचला, भिंतीपासून वीतभर पुढं घ्या. पाऊस संपला की सगळी पुस्तकं सावलीत, वारा लागेल अशी उघडी करून ठेवा, कडक उन्हात नको, कागद तडकतो. वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवा. डांबरगोळ्या ठेवल्या तर त्या पुस्तकाला टेकू देऊ नका.

तुमची ‘तिसऱ्याला द्यायचं नाही’ ही अट वाचली. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं तिसरं आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आम्हाला ते पाठ करायला लावलेलं. सातशे चौदा पुस्तकांना पाच वाचक मला कमी वाटतात. हे रागवून घेऊ नका.

चंदगडचा_हवालदार

राम राम साहेब. मी पण मराठा पलटणीतलाच, २००४ ला घरी आलो. कोवाडच्या बाजूला गाव आहे.

आपल्याकडं जवान गेला की त्याच्या सामानाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. बोर्ड बसतं, एक एक वस्तू काढून यादी होते, कुलूप लागतं आणि ट्रंक घरी जाते. सिक्कीमला असताना माझ्या सेक्शनमधला एक पोरगा गाडी दरीत गेली त्यात गेला. यादी करायला मी होतो. ट्रंकेत माझं पुस्तक निघालं, वर माझं नाव. क्लार्क म्हणाला, तुझं आहे, उचल. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. म्हटलं, लिही यादीत, पुस्तक एक.

दोन वर्षांनी सुट्टीवर आल्यावर त्याच्या घरी गेलो. आईनं ट्रंक तशीच ठेवलेली. पुस्तक तेवढं बाहेर, देव्हाऱ्याच्या फळीवर, फडक्यात गुंडाळून. म्हातारीला वाचता येत नव्हतं. पोरगा शेवटी काय वाचत होता ते दाखवायला तिनं माझ्यासमोर उघडलं. पहिल्या पानावर माझं नाव. मी काही बोललो नाही. आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, इथंच लिहितोय.

साहेब, पुस्तकं आणा, तुमच्या मित्राचं अक्षर आहे त्यात, ते रद्दीत जाता कामा नये. पण सगळी आणू नका. त्या माउलीला विचारा, एखादं तिला ठेवायचं असेल. तिनं मागायच्या आत विचारा.

चिकोडीकर

काका, माझं शिक्षण कन्नड माध्यमात झालंय, घरी मराठी. नातीला मास्तरांचं अक्षर लागलं नाही तर फोटो इथं टाका, मी वाचून मराठीत लिहून देईन. जुन्या शिक्षकांचं अक्षर मला लागतं, आजोबा शिक्षक होते.

सुभेदार_बेळगाव

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार. जे झालं ते सविस्तर सांगतो.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. घरच्या, नात आणि मी. फराळाचा डबा, मास्तरांची दोन पुस्तकं आणि खिशात अकरा नावांचा कागद. दारात पोचलो तेवढ्यात अक्कांनी, म्हणजे मास्तरांच्या घरच्यांनी, आतूनच ‘बर्री, बर्री’ (या, या) म्हटलं, जसं मास्तर असताना म्हणायच्या. मला वाटलेलं बोलायला जड जाईल, पण घरच्या आणि अक्का दोघी लगेच स्वयंपाकघरात गेल्या आणि मी मास्तरांच्या खुर्चीसमोर बसून राहिलो. त्या खुर्चीत कुणी बसत नव्हतं.

कागद द्यायची वेळ आली तेव्हा निपाणीच्या बाईंचं ऐकलं ते बरं झालं असं वाटलं. अक्कांना मराठी वाचता येत नाही, मुलानं कागद घेतला. मुलगा सुट्टीला आलेला होता. चांगला पोरगा आहे, मी उगीच धास्ती घेतलेली. त्यानं कपाट उघडून दिलं, म्हणाला, तुम्हीच बघा काका.

अकरांपैकी चारच होती.

खरं सांगतो, मला राग आला. सतरा वर्षांत मास्तरांनी माझं एक पुस्तक हरवलं नव्हतं. मी दोनदा कपाट वरून खाली बघितलं. तेवढ्यात नातीनं खालच्या खणातून एक वही काढली, शाळेची दोनशेपानी. उघडली आणि मी बघतच राहिलो. माझ्या वहीसारखेच रकाने, पट्टीनं आखलेले. तारीख, पुस्तक, नेणारा, परत. आणि एक पाचवा रकाना, माझ्या वहीत नसलेला: कुणाचं. नात बोट ठेवून वाचत गेली. बहुतेक ठिकाणी ‘स्वतःचं’ लिहिलेलं. मधूनच ती थांबायची आणि म्हणायची, ‘आजोबा, इथं सुभेदार लिहिलंय. इथं पण सुभेदार. इथं पण.’

‘परत’ रिकामा असलेल्या सात ठिकाणी सुभेदार.

मास्तर माझी अट मोडत होते आणि नोंद ठेवून मोडत होते. कधीपासून, ते वहीवरून दिसतं: नऊ वर्षं. माझी कितीतरी पुस्तकं बाहेर जाऊन, वाचून, परत मास्तरांकडं येऊन मग माझ्याकडं आलेली आहेत आणि मला पत्ता नाही. रिकाम्या रकान्याची ही शेवटची सात. दोन वडगावात एका विणकराकडं. एक गोकाकला नर्सबाईंकडं, एक हुक्केरीला, दोन संकेश्वरला एका शिक्षकाकडं. आणि एक आमच्याच गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत.

गिरणीवाल्याकडं मी दर रविवारी जोंधळे घेऊन जातो. वीस वर्षं. दळणाशिवाय दुसरं काही बोलल्याचं आठवत नाही. त्याच संध्याकाळी गेलो आणि मास्तरांचं नाव काढलं. त्यानं पट्टा थांबवला, हात पुसले आणि वरच्या फळीवरून पुस्तक काढलं, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं, पिठाचा कण लागू नये म्हणून. म्हणाला, ‘लाईट गेली की वाचतो साहेब. अजून साठ पानं हायती. तुमचं हाय म्हणून माहीत होतं, मास्तरांनी सांगितलेलं. ते गेले, आता कुणाकडं द्यायचं कळंना.’ मी म्हटलं, वाचून पूर्ण कर, मग माझ्या घरी ये, कपाट दाखवतो. काल येऊन गेला. दीड तास होता. दोन पुस्तकं घेऊन गेला आणि पहिल्याची चिठ्ठी देऊन गेला, गिरणीच्या पावतीच्या मागं लिहिलेली, अकरा ओळी.

चंदगडचे हवालदार, तुमचं पत्र मी घरच्यांना वाचून दाखवलं. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. तुम्ही सांगितलं तसं अक्कांना मीच आधी विचारलं. त्या उठल्या आणि माझं ‘पर्व’ काढून त्यांच्या कन्नड ‘पर्व’ला लावून ठेवलं. म्हणाल्या, ‘ही दोन एकत्रच असायची टेबलावर.’ ती दोन्ही आता बेंगळुराला गेली. जायच्या आधी नातीनं समास असलेल्या सगळ्या पानांचे फोटो घेतले, दोनशे चाळीसच्या वर भरले. रोज रात्री जेवणानंतर दहा वाचतो. चिकोडीकर, काही शब्द आमच्या दोघांच्याही आवाक्याबाहेरचे आहेत, बैलहोंगलकडचे असावेत. ते वेगळे काढून ठेवलेत, या आठवड्यात इथं टाकतो. एका समासात फक्त ‘सुभेदारांना विचारणे, रसद’ असं आहे. कुठल्या प्रसंगाशी ते पान बघून कळलं, पण त्यांनी मला ते विचारलं होतं की राहून गेलं, आठवत नाही. दोन दिवस आठवतोय.

मास्तरांची दोन पुस्तकं अक्कांनी परत घेतली नाहीत. नातीच्या हातात ठेवली.

खानापूरच्या ताई, तुमच्या बाबांची ती उरलेली एकोणीस पुस्तकं अजून असतील तर पहिल्या पानाचे फोटो इथं टाका. आद्याक्षरांवरून या भागातला कुणी तरी ओळखेल. मी स्वतः दोन-चार वाचनालयांत विचारून बघतो.

मास्तरांची वही मुलानं मला दिली. त्यात मास्तरांच्या स्वतःच्या पुस्तकांचेही बरेच रकाने रिकामे आहेत. मी विचारलं, आणून देऊ का? म्हणाला, वाचणाऱ्यांकडंच राहू देत. तेव्हा मी फिरणार आहे ते वसुलीला नाही. मास्तर गेल्याचं सांगायचं, वाचून झालं का विचारायचं, झालं असेल तर पुढचं द्यायचं आणि वहीत लिहायचं. वडगावला जाऊन आलो. मंगळवारी गोकाकला जातोय, तिथून जमलं तर हुक्केरी.

निपाणीच्या बाई, तुम्ही लिहिलेलं सूत्र खरं निघालं. अट मी काढून टाकली आहे. पाचवा रकाना माझ्याही वहीत आखला. आता एक काम सांगतो, नाही म्हणू नका. तुमचं संकेश्वरला जाणं असतं का? त्या शिक्षकांचा फोन वहीत नाही, नुसती शाळा लिहिलेली आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर एवढा निरोप पोचवा, की पुस्तकांची घाई नाही, पण मास्तर आषाढात गेले, आणि पुढची पुस्तकं माझ्याकडून न्यायची. नसेल जमत तर मी गोकाकहून आल्यावर बसनं जातो.